सहा वेळा बॅडमिंटन, सहा वेगळे घोडे
"घोडा भारी असला की झालं, वर बसणाऱ्याचं कसलं कौतुक?" घोडेस्वारीबद्दलचं हे वाक्य कानावर आलं आणि राहवलं नाही. ब्रिटनची घोडेस्वार ल्युसिंडा ग्रीन (माहेरची प्रायर-पामर) हिने बॅडमिंटनची स्पर्धा (रॅकेटचा खेळ नव्हे, इंग्लंडमधल्या बॅडमिंटन इथली घोडेस्वारीची स्पर्धा) सहा वेळा जिंकली, आणि सहाही वेळा घोडा वेगळा! १९७३ मध्ये पहिल्यांदा जिंकली तेव्हा वय १९. घोडा बी फेअर, पंधराव्या वाढदिवसाला आईवडिलांनी दिलेला. १९७६ चं वाचून मात्र पोटात कालवतं. जिंकल्यावर मानाची फेरी मारतानाच तिचा घोडा वाइडअवेक कोसळला आणि गेला. पुढच्याच वर्षी ही बाई जॉर्ज नावाच्या घोड्यावर बसून परत पहिली! १९८२ मध्ये रीगल रेल्मवर जगज्जेतेपद. ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातून अडथळे ओलांडत दौड), शो जंपिंग (मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या), स्पर्धेच्या या तिन्ही भागांसाठी दर वेळी नव्या जनावराशी सूत जुळवायचं, हे काय खायचं काम आहे?