कडक परीक्षणांनंतर सुधारलेली विजेची गाडी: कंपनीला दुसरी संधी द्यावी का?

सारथी (धागालेखक)

व्हिएतनामच्या विनफास्ट कंपनीने व्हीएफ ८ ही विजेवर चालणारी गाडी मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या हाती दिली. मे महिन्यात तिथल्या मोटार-पत्रकारांनी तिची परीक्षणे लिहिली, आणि ती इतकी झोंबणारी होती की दुसऱ्या एखाद्या कंपनीने तिथून गाशाच गुंडाळला असता. लहानशा उंचवट्यानंतरही गाडी हेलकावत राहते, चालकाच्या मदतीसाठी बसवलेल्या यंत्रणा कारण नसताना इशारे देत राहतात, पत्र्यांची जुळणी सैल आहे, अशा तक्रारी एकामागून एक परीक्षणांत आल्या. त्याच महिन्यात पहिल्या तुकडीतल्या सर्व ९९९ गाड्यांसाठी रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावणे) जाहीर करावा लागला, कारण डॅशबोर्डवरचा मधला पडदा अचानक कोरा होण्याची शक्यता होती. या गाडीत स्टिअरिंगमागे वेगळा मीटर नाही, त्यामुळे पडदा गेला की वेग दाखवणारे मुख्य साधनच जाते.

हे सर्व मान्य करूनही माझे म्हणणे असे आहे की नव्या कंपनीचे मूल्यमापन तिच्या पहिल्या गाडीवरून न करता टीकेनंतर तिने काय केले यावरून करावे. विनफास्टची स्थापना २०१७ ची. सुरुवातीला पेट्रोल गाड्या बनवणाऱ्या या कंपनीने २०२२ मध्ये त्या बंद करून पूर्णपणे विजेची वाट धरली. ज्या गोष्टी शिकायला जुन्या कंपन्यांना कित्येक दशके मिळाली, त्या इतक्या थोड्या काळात शिकताना चुका होणारच.

शिवाय विजेच्या गाडीत सुधारणा ग्राहकाच्या दारापर्यंत पोचवण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. मे २०१८ मध्ये वस्तूंच्या चाचण्या घेणाऱ्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक-संस्थेने टेस्लाच्या मॉडेल ३ ची शिफारस करण्यास नकार दिला, कारण ताशी ६० मैलांवरून थांबायला त्या गाडीला १५२ फूट लागत होते. काही दिवसांत टेस्लाने ब्रेकच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलून ते इंटरनेटवरून गाड्यांमध्ये उतरवले, आणि फेरचाचणीत तेच अंतर १३३ फुटांवर आले. शिफारसही मिळाली. परीक्षकाने फेरचाचणी केली नसती, तर वाचकांपुढे शिळी माहिती राहिली असती. मग विनफास्टच्या किंवा तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या बाबतीत पहिलाच निकाल अखेरचा का मानावा?

चोखंदळ

धागालेखकांनी मॉडेल ३ चे उदाहरण दिले आहे, पण त्यातून त्यांच्या म्हणण्याच्या नेमका उलटा अर्थ निघतो असे मला वाटते. ब्रेक लागायला किती अंतर लागते, हे मोजणे काही अवघड शास्त्र नव्हे. ती त्रुटी बाहेरच्या संस्थेला चाचणीच्या मैदानात सापडते आणि कंपनी काही दिवसांत ती दुरुस्त करू शकते, याचा अर्थ ती विक्रीपूर्वीच दुरुस्त होऊ शकली असती. मधल्या काळात ज्यांनी पूर्ण किंमत मोजून गाडी घेतली, त्यांनी नकळत चाचणी-चालकाचे काम केले आणि वर त्याचे पैसेही भरले.

दुरुस्तीचे श्रेय कंपनीला द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दुरुस्तीच्या आश्वासनावर गाडी विकायला. विजेच्या गाड्यांच्या फिस्कर या नव्या अमेरिकी कंपनीचे पाहा. तिची ओशन ही गाडी ऑस्ट्रियात ग्राझ इथे मॅग्ना स्टेयर या अनुभवी कारखान्यात तयार होत होती, म्हणजे जुळणीचा अनुभव कमी पडला असे म्हणण्याची सोय नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तंत्रज्ञान-परीक्षक मार्केस ब्राउनली यांनी यूट्यूबवर या गाडीची सालटी काढली, तेव्हा सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट येऊ घातले आहे, ते आल्यावर गाडी तपासा, असे कंपनीचे म्हणणे होते. जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गाडीच्या मालकांना संघटना काढून सुट्या भागांची आणि सॉफ्टवेअरची व्यवस्था स्वतः पाहण्याची वेळ आली. त्या अपडेटमुळे गाडी थोडीफार सुधारली असेलही, पण पुढची सुधारणा द्यायला कंपनीच उरली नाही. ‘उद्या सुधारेल’ यावर विश्वास ठेवायचा तर उद्या कंपनी असेल, हेही गृहीत धरावे लागते, आणि नव्या कंपनीच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट सर्वांत अनिश्चित असते.

जाता जाता: ऑगस्ट २०२३ मध्ये विनफास्टचा शेअर नॅस्डॅक या अमेरिकी शेअरबाजारात आला, तेव्हा पहिल्याच दिवशी कंपनीचे बाजारमूल्य फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या पुढे गेले होते. भांडवलबाजाराने परीक्षणे वाचली नव्हती, असेच म्हणावे लागेल.

पाना-पक्कड

दोघांच्याही मांडणीत सगळ्या त्रुटी एकाच गाठोड्यात बांधलेल्या दिसतात, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो.

ब्रेकचे नियंत्रण, इशाऱ्यांचे आवाज, पॅडलला मिळणारा प्रतिसाद, बॅटरीचे तापमान-व्यवस्थापन, पडद्याचे वागणे या गोष्टी सॉफ्टवेअरच्या कक्षेत येतात. हेलकावे मात्र त्या कक्षेत येत नाहीत. व्हीएफ ८ सारख्या गाडीचे वजन सुमारे अडीच टन असते आणि त्याचा मोठा वाटा जमिनीलगतच्या बॅटरीचा असतो. हे वजन पेलण्यासाठी स्प्रिंग ताठ लागतात, आणि ताठ स्प्रिंग दाबली गेल्यावर तितक्याच जोराने उसळते. ती उसळी जिरवणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम आहे. त्याच्या आतल्या झडपांमधून तेल किती अडून वाहते यावर उसळी एका झोक्यात शमते की गाडी तीनचार वेळा मान डोलावते ते ठरते. साध्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये हे प्रमाण कारखान्यातच ठरून जाते. विजेवर नियंत्रित होणारे महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतील तरच ते सॉफ्टवेअरने बदलता येते, आणि तेही झडपांच्या मर्यादेत राहून.

म्हणजे ‘कंपनीने सस्पेन्शन (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची यंत्रणा) सुधारले’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ संभवतात. कारखान्यातून यापुढे निघणाऱ्या गाड्यांत नवे भाग बसतील, हा पहिला अर्थ. आधी विकलेल्या गाड्या सेवा केंद्रात बोलावून त्यांचेही भाग फुकट बदलून दिले जातील, हा दुसरा. पहिला मार्ग स्वस्त असतो आणि जाहिरातीत शोभून दिसतो. दुसऱ्या मार्गाची सक्ती कायदा फक्त सुरक्षिततेशी संबंधित दोषासाठी करतो, आणि प्रवासात पोटात ढवळणे हा तसा दोष मानला जात नाही. पत्र्यांची जुळणी, दारांचे रबर, आसनांचा आधार यांचेही तेच. टीकेनंतर पटकन दुरुस्त होतात त्या बहुधा पडद्यावरच्या गोष्टी. शरीराला जाणवणाऱ्या गोष्टी पुढच्या तुकडीची वाट पाहतात.

आडवाटेने

विनफास्टची बाजू घेणाऱ्यांनी एक विसरू नये. मे २०२३ मधल्या परीक्षकांनी गाडी चोरून मिळवली नव्हती. कंपनीनेच त्यांना बोलावून, स्वतः निवडलेल्या गाड्या त्यांच्या हाती दिल्या होत्या. त्या स्थितीतली गाडी दाखवण्याजोगी आहे असे कंपनीतल्या कोणालातरी वाटले. ते कोणाला व का वाटले, हे मला झडपांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

सारथी

पाना-पक्कड यांनी केलेला फरक मला मान्य आहे. तरीही चोखंदळ यांच्या युक्तिवादात एक अडचण आहे: तो पूर्णपणे लागू केला, तर नवी कंपनी उभी राहणेच अशक्य होईल. अनेक वर्षांच्या चाचण्यांचा खर्च विक्रीशिवाय सोसू शकतील अशा कंपन्या जुन्याच असणार, आणि जुन्यांकडूनही घोळ होतातच. जनरल मोटर्सची ब्लेझर ईव्ही ही विजेची गाडी परीक्षकांच्या हातात असतानाच सॉफ्टवेअरमुळे बिघडली. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला तिची विक्री थांबवावी लागली आणि मार्च २०२४ मध्ये किंमत कमी करून ती पुन्हा सुरू झाली. शतकभराचा अनुभव असूनही!

दुसरे असे की विनफास्ट बंद पडली नाही. २०२३ मध्ये तिने ३४,८५५ गाड्या दिल्या होत्या, २०२४ मध्ये ९७,३९९. टिकून राहणे हाही सुधारणेचा पुरावा आहे.

चोखंदळ

टिकून राहणे हा पुरावा आहे, पण कशाचा ते पाहू. २०२३ मधल्या त्या गाड्यांपैकी बहुतेक गाड्या मालक फाम न्यात वुओंग यांच्याशीच संबंधित कंपन्यांना गेल्या, आणि त्यांत मोठा वाटा त्यांच्या टॅक्सी कंपनीचा होता. २०२४ ची वाढही मुख्यतः व्हिएतनाममधली आहे. परीक्षणे अमेरिकेतली, विक्री व्हिएतनाममधली. त्या परीक्षणांचे उत्तर ही विक्री कशी देईल?

ब्लेझरचे उदाहरण मात्र मी आनंदाने माझ्या बाजूला ओढून घेतो. तिथे कंपनीने विक्री थांबवली, दुरुस्ती केली आणि मग पुन्हा दुकान उघडले. मी मागतो आहे तो क्रम हाच.

फेरपरीक्षणालाही माझा विरोध नाही, फक्त त्यासाठी कंपनीने पाठवलेली ताजी गाडी घेऊ नये. पहिल्या तुकडीतल्या एखाद्या मालकाची गाडी, त्याला मिळालेल्या सर्व दुरुस्त्यांसह, मागून घ्यावी आणि तीच चालवून पाहावी. तिचे हेलकावे थांबले असतील तर कंपनी सुधारली असे मी म्हणेन; फक्त नव्या गाडीचे थांबले असतील तर नवी गाडी सुधारली इतकेच म्हणेन.

सारथी

ही कसोटी न्याय्य आहे, पण जुन्या गाड्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर फुकट बदलण्याचा खर्च नव्या कंपनीला परवडेलच असे नाही, आणि तो केला नाही म्हणून पुढच्या, खरोखर चांगल्या गाडीकडे पाठ फिरवणे ग्राहकाच्याही हिताचे नाही.

चोखंदळ

परवडत नसेल तर पहिली तुकडी लहान ठेवावी. ९९९ गाड्या जहाजात भरून महासागर ओलांडण्याऐवजी पन्नास गाड्या आधी स्वतःच्या कर्मचाऱ्यांना वर्षभर चालवायला द्याव्यात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायची वेळ आलीच, तर तेवढ्यांचे बदलणे कुठल्याही कंपनीला परवडते.