काहीच घडत नाही म्हणे!

नौपाडाकर
रविवारी घरी ‘टोकियो स्टोरी’ लावला. जपानी दिग्दर्शक ओझूंचा, १९५३ सालचा, कृष्णधवल. गावचं म्हातारं जोडपं टोकियोत मुलांकडे येतं आणि मुलांना वेळ नसतो. गोष्ट एवढीच. जावई सासू-सासऱ्यांसाठी केक आणतो, तर सख्खी लेक म्हणते, इतकं महागाचं कशाला, साधी बिस्किटं चालली असती. पुढे आई गेल्यावर जेवणाच्या पानावरच ती आईचा किमोनो मागते. तरी ती दुष्ट वाटत नाही, ओळखीची वाटते. असे सिनेमे आपण ‘स्लो’ म्हणून बाजूला का सारतो?

घोडबंदरी
कारण ते स्लोच असतात! दिवसभर लोकलचे धक्के, संध्याकाळी मानपाड्याचा सिग्नल. वर तिकीट काढून म्हातारा पंख्याने वारा घेताना बघू? ते घरी फुकट दिसतं.

ऐरोलीची सून
माझी हरकत वेगळी. मला ही शांतताच खोटी वाटते. आमच्या वन बीएचकेत सहा माणसं. कुकर, मालिका, वरच्यांचा मिक्सर. पडद्यावरची माणसं आपली अदबीने ‘हो का’ म्हणत बसतात. आमच्याकडे एव्हाना ताट आपटलं गेलं असतं. शांत सिनेमा ज्यांच्याकडे जास्तीची खोली आहे त्यांचा.

नौपाडाकर
अहो, खोलीचीच तर गोष्ट आहे! घरात अडचण नको म्हणून मुलं पैसे काढून आईबापांना अतामीला पाठवतात, समुद्रकाठी. हॉटेल स्वस्तातलं, रात्रभर गाणीबजावणी. झोपेचं खोबरं.
इथे मी पॉज केलं. गेल्या मे महिन्यात गुहागरहून आईबाबा आले होते. दहाव्या दिवशी आम्ही त्यांना अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिलं, ‘तेवढंच देवदर्शन’ म्हणून. परत आली तेव्हा आईचे पाय टम्म सुजलेले. म्हणाली, “छान झालं हो.”

घोडबंदरी
बघा, तुमचा किस्सा चार ओळींत पोचला. सिनेमाला १३६ मिनिटं कशाला हवीत?

चहाबाज
त्याच अतामीत म्हातारी बांधावरून उठते आणि क्षणभर तिला भोवळ येते. सावरते, नवऱ्यामागे चालू लागते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते कळलंही नव्हतं.

घोडबंदरी
मग जरा म्युझिक वाजवायचं ना! आम्ही तेवढ्यात मोबाइल बघत असतो हो.

ऐरोलीची सून
आज सगळे झोपले की बघते. म्हणजे साडेबारा. केकपर्यंत तरी जागी राहीन.