बाबाची शुगर उतरून नाई रायली, दातवाले डॉक्टर म्हन्ते आधी हिरड्या पाहा

कापूसकोंड्या
राम राम मंडळी. आमचे बाबा, वय 58, गाव दारव्हा तालुक्यात. सहा वर्षापासून शुगर हाये, गोळ्या टायमावर घेते, चहात साखर नाई, तरी तीन महिन्याची शुगर 8.9 च्या खाली येऊनच नाई रायली. मांगच्या हप्त्यात खालचा दात हलाले लागला म्हनून दातवाल्याकडे नेलं तं तो म्हन्ते हिरड्यात पू हाये, आधी सफाई करून घ्या, शुगरलेही थोडा फरक पडन. बाबा खुर्चीवरून उठलेच, म्हन्ते रक्तातल्या शुगरचा अन दाताचा काय संबंध, हे बिल बनवाचे धंदे. सकाळी चूळ भरली का मोरीत लाल पानी पडते हे मी सोता पायलं हाये. खरंच संबंध हाये का?

बीडीएस_इंटर्न
आहे दादा, आणि दोन्ही बाजूंनी आहे. शुगर जास्त असली की हिरड्यांचं इन्फेक्शन लवकर धरतं आणि भरून यायला वेळ लागतो. उलट हिरडी दातापासून सुटून मधे खिसा झाला, त्यात जंतू आणि पू साचला की शरीर आतून सतत सुजेशी लढत राहतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (तीच तीन महिन्यांची शुगर) सरासरी 0.4 च्या आसपास उतरते असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे 8.9 चं 6 होणार नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण फुकट पण नाही ते. हार्टचं म्हणाल तर हिरड्या खराब असलेल्यांत हार्टचे पेशंट जास्त सापडतात हे खरं, पण सफाई केली म्हणून अटॅक टळला असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. बाबा दात कशाने घासतात?

वरणफळवाली
भाऊ, ते खातात काय तेबी पाहा. आमच्या सासूबाईचे दाढा दुखे तं त्याईनं भाकर सोडली, मेथीची भाजी सोडली, गाजर-काकडी तं नावच नाई. दिवसभर चहात टोस्ट बुडवून अन रात्री भात कुस्करून. आम्ही म्हनो गोड तं खात नाई मंग शुगर काऊन वाढते! कवळी बसली, महिनाभर कुरकुरल्या, पन आता ज्वारीची भाकर चावून खातात.

कापूसकोंड्या
ताई तुम्ही तं आमच्याच घरचं सांगितलं, बाबाचंबी टोस्टच हाये. घासाले गुडाखू (तंबाखूची पेस्ट), चाळीस वर्षापासून, अन दुपारी खर्रा, तोच सुपारी-तंबाखू घोटलेला. शेजारचे काका म्हन्ते सफाई केली का चांगले दातबी हलते, त्यानं बाबाले अजूनच जोर आला.

बीडीएस_इंटर्न
काकांना सांगा, दात सफाईने हलत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाचा थर दातांना एकमेकांत जखडून ठेवतो, तो निघाला की खरी हालत कळते. ते वरचा दात काढला तर नजर जाते म्हणतात तेही तसंच, काही तथ्य नाही. फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायची, मनाने बंद करायची नाही. आणि जेवून, शुगरची गोळी घेऊन जा, उपाशी नको. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, खाजगीपेक्षा बराच कमी खर्च येतो, गर्दी मात्र असते.

खर्रामुक्त
भाऊ शुगर राहू दे बाजूले, खर्रा म्हनलं म्हनून लिवून रायलो. 2012 मधी गुटखा बंद झाला म्हन्ते, पन पानठेल्यावर पन्नीत घोटून रायलेच न. मी 11 वर्ष खाल्ला. पहिले ठेचा झोंबाले लागला, साधी भाजीबी तिखट लागे, मी बायकोवर चिडो. मंग पानीपुरी तोंडात जाईना, फोडून खा लागे. सुपारीनं गालाची आतली कातडी दोरीवानी कडक होते अन तोंड आवळत जाते, पुढं त्यातूनच कॅन्सरबी होऊ शकते. बाबाले तीन बोटं उभे धरून तोंडात घालाले सांग. गेले तं ठीक.

बीडीएस_इंटर्न
हे आधी करा. आणि गालात किंवा जिभेखाली पांढरा-लाल चट्टा, दोन हप्त्यात न भरलेला फोड दिसतो का तेही बॅटरी लावून बघा.

कापूसकोंड्या
आत्ताच करून पायलं. दोनच बोटं गेले. बाबा हसत होते सुरवातीले, मंग मायं तीन बोटं माया तोंडात जाताना पायले अन चूप बसले. सोमवारी पहिल्या बसनं नागपूरले निघतो, खर्र्याची पन्नी मायनं चुलीत टाकली.