मदत हवी आहे : पपी लिनक्सवर एकही साइट उघडत नाही

रामबागकर
बाबांच्या मिनी लॅपटॉपवर पपी टाहर (पपी लिनक्स ह्या हलक्या प्रणालीची एक जुनी आवृत्ती) आहे. शनिवारपर्यंत मेल चालत होता, आता जिथे जावं तिथे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. मोबाइल त्याच वायफायवर व्यवस्थित चालतो. राउटर बंद-चालू करून झाला. भजनी मंडळाचे अभंग उद्या छपाईवाल्याला पाठवायचेत आणि ते ह्याच लॅपटॉपमध्ये आहेत. लवकर सांगा.

माळवी माणूस
कोणता प्रोसेसर? रॅम किती? ‘मिनी लॅपटॉप’ एवढ्यावरून कोणी काय सांगायचं?

छप्पनवाला
भिया, सिल्व्हर मॉलला चक्कर मारा. वापरलेला, पण ६४ बिटचा, चार जीबीचा लॅपटॉप घ्या. मी वडिलांसाठी तेच केलं, कटकट संपली.

रामबागकर
घ्यायचा नाहीये. बाबा ७६ वर्षांचे आहेत, ह्याच कीबोर्डवर हात बसलाय. ॲटम एन२७०, १ जीबी.

तुकोगंजकर ताई
एन२७० म्हणजे फक्त ३२ बिट, ६४ बिटची प्रणाली त्यावर चालत नाही. मिंट नावाच्या लिनक्सने २०२० मध्ये २० व्या आवृत्तीपासून ३२ बिट सोडलं, डेबियन ह्या दुसऱ्या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीचा इन्स्टॉलरही ३२ बिटसाठी येत नाही. अँटीएक्स २३ हे हलकं लिनक्स टाका, ते डेबियन १२ वर आहे आणि एक जीबीत चालतं. टाहरचा पाया २०१४ च्या उबुंटूचा, शिवाय पपीत सगळं रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं. त्यावर बँकेचं काम तर मुळीच करू नका.

पपीभक्त
ताई, दर धाग्यावर तेच रूट! पपी रॅममध्ये उतरते म्हणून तर ह्या मशीनवर पळते. माझ्याकडे ५१२ एमबीवर चालून राहिलीये.

तुकोगंजकर ताई
पळते हे मान्य. पण ब्राउझरला छिद्र असेल तर रूटमुळे सगळं घर उघडं पडतं, त्याचं काय?

बडोद्याचा बंडू
अभंग टाइप करताय तर इनस्क्रिप्ट कीबोर्डच शिका. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की निव्वळ खिचडी दिसते. युनिकोडमध्ये असेल तर काना-मात्राही हलत नाही.

रामबागकर
टायपिंगची अडचणच नाहीये हो! साइट उघडत नाही.

लष्करचा दुरुस्तीवाला
कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख कोणती आहे?

रामबागकर
१ जानेवारी २००९. त्याचा काय संबंध?

लष्करचा दुरुस्तीवाला
तोच संबंध. साइट खरी असल्याचं एक प्रमाणपत्र ब्राउझर तपासतो, त्यावर ‘ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं असतं. तुमच्या मशीनच्या मते २००९ चालू आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. लॅपटॉपची बॅटरी लावलेली आहे ना?

रामबागकर
फुगली होती, रविवारी काढून टाकली. ॲडॉप्टरवर चालवतो, रात्री बटण बंद.

लष्करचा दुरुस्तीवाला
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, दादा. घड्याळ चालवणारा आतला सीआर२०३२ चकती-सेल केव्हाच गेलेला असणार, इतके दिवस मोठ्या बॅटरीने घड्याळ सांभाळलं. आज तारीख हाताने लावा. सेल बदलताना जुना सोबत घेऊन दुकानात जा, कारण ह्या छोट्या मशीनमध्ये तो बहुधा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन वायरी आणि पांढऱ्या कनेक्टरचा असतो. नुसती चकती आणून डकवू नका.

रामबागकर
तारीख लावली, मेल गेला! काका, जीव भांड्यात पडला. पण दोन-तीन साइट अजूनही तोच इशारा देताहेत. त्या आधीही उघडत नव्हत्या, मी नेटला दोष देत होतो.

तुकोगंजकर ताई
त्यांची प्रमाणपत्रं बहुतेक लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची असतील. ती ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर खरी मानली जात, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि २०१४ च्या ब्राउझरला नवं माहीत नाही. इथे तारखेचा उपयोग नाही, प्रणालीच बदलावी लागेल.

पपीभक्त
हे मात्र खरं. पण डेबियन १२ वरची ३२ बिटची पपीही आहे, बुकवर्मपप. बाबांना ओळखीचाच पडदा राहील.

रामबागकर
सेल मिळाला, तसाच वायरवाला. रात्रभर बटण बंद होतं, सकाळी तारीख बरोबर. बाबांनी स्वतः कोपऱ्यात बोट ठेवून दाखवली. रविवारी बुकवर्मपप टाकतो.

लष्करचा दुरुस्तीवाला
थांबा. अभंग पपीच्या सेव्ह फाइलमध्ये (पपी तुमचं सगळं काम ज्या एका फाइलमध्ये साठवते तिच्यात) असतील तर ती फाइल आणि अभंगांची वेगळी प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर अभंग उघडून बघा, मगच डिस्कला हात लावा.