आफ्रिकी नाटककाराला सोफोक्लीझ कशाला हवा?

उंबरठा: नायजेरियाच्या ओला रोटिमी यांचे ‘द गॉड्स आर नॉट टु ब्लेम’ (‘दोष देवांचा नाही’, १९६८) हे नाटक म्हणजे प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या ईडिपसचे योरुबा (नायजेरियातली एक जमात) रूप. ज्या समाजात इफाचे (योरुबांच्या भविष्यकथनाच्या परंपरेचे) दैवज्ञ शेकडो कथा मुखोद्गत ठेवतात, तिथल्या लेखकाने बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या राजाची गोष्ट ग्रीसहून का आणावी? हे अभिजात वाङ्मय तिथे ब्रिटिशांच्या शाळांमधून पोहोचले. त्यामुळे मला यात साहेबाकडून पाठ थोपटून घेण्याची हौस दिसते.

पायवाट: बापाच्या हत्येचा प्रसंग पाहा. सोफोक्लीझकडे भांडण तिठ्यावर वाट देण्यावरून होते. रोटिमींकडे ते यामच्या (आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद) शेतात पेटते. नायक ओडेवालेच्या शेतातले कंद एक म्हातारा आपल्या माणसांकरवी खणून नेतो आणि वर त्याच्या बोलीची, जमातीची टर उडवतो, तेव्हा कुदळ चालते. बियाफ्राचे युद्ध (नायजेरियातली यादवी) चालू असताना हा संताप कुणाचा, हे नायजेरियातल्या इफे शहराच्या प्रेक्षकांना वेगळे सांगावे लागले नसेल. शीर्षकातले ‘देव’ म्हणजे बड्या परकीय सत्ता, त्यांच्यावर खापर फोडू नका, असा खुलासा रोटिमींनीच केला होता.

उंबरठा: प्रसंग जबरदस्त आहे, मान्य. पण भाकिताचे काय? मूल जन्मताच दैवज्ञ त्याचे भवितव्य सांगून मोकळा होतो. नियती अटळ ठेवायची आणि शेवटी नायकाच्या तोंडून देवांना निर्दोष ठरवायचे, ही पंचाईत सांगाडा ग्रीक ठेवल्यामुळेच झाली आहे.

सावली: योरुबा समजुतीप्रमाणे माणूस जन्मापूर्वी आपली ‘ओरी’, म्हणजे आतले मस्तक, स्वतः निवडतो, आणि पुढेही बळी अर्पून, शील जपून तिचे फळ थोडेफार बदलता येते. त्यामुळे ‘अटळ’ हा शब्दच तिथे सैल होतो. शाळांबद्दल म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन या तुरुंगाच्या बेटावर कैद्यांनी सोफोक्लीझचेच ‘अँटिगनी’ केले आणि त्यातला राजा क्रिऑन झाले मंडेला! त्याच बेटावरच्या ‘द आयलंड’ (१९७३) या फुगार्ड, कानी, एनत्शोना यांच्या नाटकात विन्स्टन हा कैदी अँटिगनी या नायिकेसाठी नकली केस आणि छाती लावून उभा राहतो, तेव्हा कोठडीतला सोबती हसून बेजार होतो. तोच विन्स्टन शेवटी तो केसांचा टोप फेकून स्वतःच्या आवाजात बोलतो. इथे साहेबाची शाबासकी कुणाला हवी होती?

उंबरठा: बेटापुरता शाबासकीचा आक्षेप मागे घेतो. पण ओरीची समजूत प्रेक्षकाने घरून आणायची की नाटकाने दाखवायची? भाकीत तर रोटिमी नांदीतच ऐकवतात.