उत्तर: अल्टअॅझिमथ की इक्वेटोरिअल?

संगणकाने दोन्ही अक्ष एकाच वेळी फिरवता येऊ लागल्यापासून अल्टअॅझिमथ माउंटमध्ये (दुर्बीण वर-खाली आणि क्षितिजालगत आडवी फिरवणाऱ्या बैठकीत) उणीव उरलेली नाही, या मताशी मी बहुतांशी सहमत आहे. रशियातील 6 मीटरच्या दुर्बिणीपासून आजच्या बहुतेक महाकाय दुर्बिणी याच रचनेवर उभ्या आहेत. मात्र खस्वस्तिकाजवळ, म्हणजे अगदी डोक्यावरच्या बिंदूजवळ, तारा टिपताना येणारी अडचण भूमितीची आहे, संगणकाची नव्हे, आणि महाराष्ट्रातील निरीक्षकाला ती चांगलीच जाणवते. स्वाती ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सुमारे 19 अंश उत्तर, म्हणजे जवळजवळ मुंबईच्या अक्षांशाएवढी असल्याने तो तेथे अगदी डोक्यावरून जातो. एरवी आकाश मिनिटाला पाव अंश सरकते; परंतु असा तारा खस्वस्तिकापासून 1 अंशावरून जात असला तरी दिगंशाचा (दुर्बीण आडवी फिरवणारा) अक्ष त्या क्षणी मिनिटाला सुमारे साडेतेरा अंश वेगाने फिरावा लागतो, आणि अंतर कमी होईल तसा हा वेग वाढतच जातो. दृश्यक्षेत्रही तेवढ्याच झपाट्याने फिरत असल्याने दीर्घ छायाचित्रणात कडेचे तारे कमानीसारखे उमटतात.

इक्वेटोरिअल माउंटला हा त्रास नाही, कारण त्याचा एक अक्ष (ध्रुवाक्ष) पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो; पण आपल्याकडे हा ध्रुवाक्ष क्षितिजापासून जेमतेम 16 ते 22 अंश वर असतो, त्यामुळे प्रतिभाराचा (दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा तिपाईच्या पायाला अडण्याची शक्यता असते. म्हणून खरेदीपूर्वी त्या माउंटची किमान अक्षांश-मर्यादा अवश्य तपासावी. उटीच्या रेडिओ दुर्बिणीसाठी तर सुमारे 11 अंश उताराची टेकडीच निवडली गेली, जेणेकरून 530 मीटर लांबीचा तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर राहावा.