पावसाळी परडं आता आवरायचं की थांबायचं? (बेळगाव)

परसबाग_शहापूर:
नमस्कार मंडळी. घराच्या मागं थोडं परडं आहे, तांबडी माती, विहिरीचं पाणी. पावसाळ्यात लावलेलं सगळं आता संपत आलंय. दोडक्याचा मांडव वाळायलाय, काकडी गेलीच, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्यात, घेवडा न चवळी शेवटच्या शेंगा देतायत, टोमॅटोवर करपा आहे. एका कोपऱ्यात हळद आणि आलं, कुंपणाकडं रताळ्याचे वेल पसरलेत, शिवाय दोन-तीन गुलाब. आमच्या सासूबाई म्हणतात दिवाळीच्या आत सगळं उपटून जागा साफ कर, पाला जाळ आणि राख वाफ्यात टाक. शेजारच्या काकू म्हणतात स्वातीचा पाऊस (ऑक्टोबरच्या शेवटचा) होऊन जाऊ दे, तोवर हात लावू नको. मला पुढं मेथी, नवलकोल आणि मटार करायचाय. नेमकं काय काढू, काय ठेवू? आणि पाला जाळायला माझा जीव होत नाही पण रोगट वेल खताच्या खड्ड्यात टाकले तर पुढच्या वर्षी परत तेच होईल का, हे पण कुणीतरी नीट सांगा की.

जांबोटीकर:
ताई, दोघींचं पण अर्धं-अर्धं बरोबर आहे. सगळं एका दिवसात आवरायची घाई करू नका एवढंच माझं म्हणणं. परड्यात आत्ता तीन प्रकारची झाडं आहेत, खरंच संपलेली, अजून बी धरायची राहिलेली आणि जमिनीत काम चालू असलेली, आणि वरनं बघितलं तर तिन्ही पिवळीच दिसतात.

हळद बिलकुल काढू नका. मे-जूनमध्ये लावलेली असणार, तिला आठ-नऊ महिने लागतात, आत्ता पानं जरा पिवळी दिसली तरी खाली गड्डा अजून भरायलाय. पानं आपोआप वाळून आडवी पडली की जानेवारी-फेब्रुवारीत काढा. आल्याचं पण तसंच, फक्त त्याच्या बुडाशी पाणी साचतंय का तेवढं बघा, आमच्याकडं खानापूरच्या बाजूला पाऊस जास्त त्यामुळं कंद कुजायची भीती कायम. बुंधा ओढल्यावर सहज हातात आला आणि घाण वास आला तर तो गड्डा मातीसकट उचलून लांब टाका, बाकीच्याला चर काढून द्या.

रताळ्याचं मात्र बघायला पाहिजे. जून-जुलैत वेल लावला असेल तर साडेतीन-चार महिन्यात तयार होतो, आपल्या बेळगाव तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या गावातली रताळी नवरात्राच्या उपवासाला बाजारात येतात ती ह्याच हिशोबानं. एक रताळं हळूच उकरून काढा, मधोमध कापा आणि तसंच ठेवून द्या. कापलेल्या जागी चीक येतो. तो तसाच पांढरट वाळला तर माल तयार, हिरवट-काळा पडला तर अजून पंधरा दिवस थांबा. काढताना कुदळ लांबनं घाला, धुऊ नका, सावलीत पसरून ठेवा, आठ-पंधरा दिवसांनी गोडी वाढलेली कळेल. वेल गोठ्यात द्या, जनावरं आवडीनं खातात.

दोडक्याचा एखादा चांगला सरळ दोडका असेल तर मांडवावरच राहू दे, हलवल्यावर आत बी खुळखुळायला लागेपर्यंत. पाकिटातलं हायब्रीड बी असेल तर मात्र बियाला सोडू नका, पुढच्या वर्षी तसंच फळ येईल ह्याची खात्री नाही. गावठी असेल तरच. राखेत घोळून कोरड्या बरणीत.

अथणी_शिवार:
ताई, स्वातीच्या पावसाची वाट बघायची ही मोकळ्या रानाची गोष्ट, विहीर असल्यावर थांबायचं कारण काय? आमच्याकडं काळी माती आणि पाऊस कमी, हस्ताचा पाऊस झाला की आम्ही ओल उडायच्या आत शाळू (रब्बी ज्वारी) पेरून मोकळं होतोय. तुमच्याकडं तांबडी माती, ती लवकर वाळते आणि वाळली की वर कडक पापुद्रा धरते. रिकाम्या झालेल्या वाफ्यात लगेच मेथी टाका, चार-पाच दिवसात उगवते. धने रगडून दोन फाका करून टाका, त्याला आठ-दहा दिवस लागतात. मटाराला थंडी पाहिजे, तो दिवाळीच्या आसपासच बरा. जागा मोकळी ठेवली तर तणच माजणार.

निपाणीचा_माळी:
रोगट पाल्याचं मी सांगतो, कारण ह्यात लोक सगळं एकाच दावणीला बांधतात.

भेंडीच्या शिरा पिवळ्या होतात तो व्हायरस आहे, पांढरी माशी पसरवते. तो मातीतनं येत नाही, बियातनं पण येत नाही. झाड वाळलं की संपला. म्हणजे ती भेंडी उपटून दोन दिवस उन्हात कडक वाळवा, मग खड्ड्यात टाका, काही होत नाही. उलट ते आजारी झाड हिरवंच उभं ठेवणं वाईट, कारण माशी त्याच्यावरनं उठून दुसऱ्या भेंडीवर बसते. आणि एक, थंडीत भेंडी धरायचीच तर रोगाला दाद न देणारं वाण बघून घ्या.

टोमॅटोचा करपा वेगळा. ती बुरशी वाळलेल्या पानात आणि काड्यात टिकून राहते. घरचा खड्डा काय तेवढा तापत नाही, त्यामुळं ते टोमॅटो खड्ड्यात नकोच. जाळायचं म्हणत असाल तर तेवढंच जाळा, नाहीतर बागेपासनं लांब खोल पुरा. पुढच्या हंगामात त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काही लावू नका, मेथी-नवलकोल चालतंय.

आणि उपटल्यावर मुळं नक्की बघा! पांढऱ्या मुळावर जागोजागी गाठी सुजल्यासारख्या दिसल्या आणि नखानं खरडून निघाल्या नाहीत तर सूत्रकृमी (मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे बारीक किडे) आहेत, ती मुळं एकपण मातीत ठेवायची नाहीत. पण घेवडा-चवळीच्या मुळावर बारीक गोल दाणे असतात, बोटानं सहज सुटतात, फोडले तर आतनं गुलाबी. ते चांगले. हवेतला नत्र धरणारे जिवाणू त्यात राहतात. म्हणून घेवडा उपटायचा नाही, जमिनीलगत विळ्यानं कापायचा आणि मुळं तशीच कुजू द्यायची.

राखेबद्दल सासूबाईंचं चूक नाही. आपली तांबडी माती आंबट असते, तिला मूठभर राख चालते, पोटॅश मिळतं. पण अख्खा पाला जाळला तर त्यातला नत्र धुरातनं जातो आणि जमीन भुसभुशीत करणारा जो भाग तो पण जातो. चुलीची राख आहेच की घरात, त्यासाठी पाला कशाला जाळायचा?

गच्चीवाली_टिळकवाडी:
माझं सगळं कुंड्यातलं आहे तरी दोन गोष्टी सांगते. पावसानं कुंडीतली माती दगडासारखी बसलेली असते. ती ओतून ऑक्टोबरच्या उन्हात पसरते, ढेकळं फोडताना पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या हुमणीच्या अळ्या मिळतात त्या वेचून टाकते, मग तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून परत भरते. कच्चं शेण अजिबात नको, हुमणी त्यातनंच येते.

दुसरं, गोगलगायी. पावसाळा संपायला लागला की त्या कुंड्यांच्या बुडाखाली, विटांच्या फटीत जाऊन बसतात आणि तिथं मातीत पांढऱ्या साबुदाण्यासारख्या अंड्यांचे पुंजके असतात. आत्ता आवरताना ते सापडतात, नंतर नाही. संध्याकाळी ओलं पोतं टाकून खाली कोबीची पानं ठेवायची, सकाळी पोतं उचललं की सगळ्या एका जागी.

गुलाब पाऊस थांबल्यावर छाटा. पाऊस चालू असताना छाटला तर कापलेल्या टोकाकडनं काळा पडत खाली येतो. वाळलेल्या, आत घुसलेल्या फांद्या पहिल्या काढा, मग बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप, कापल्या जागी बुरशीनाशकाची पेस्ट. साधारण दीड महिन्यात फुलं. शेवंती असेल तर तिला मात्र कात्री लावू नका, दिवस लहान व्हायला लागले की तिला कळ्या धरतात, आत्ता छाटली तर यंदाची फुलं गेली.

परसबाग_शहापूर:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं मनापासनं लिहिलंत. आज सकाळी एक टोमॅटो उपटून बघितला तर मुळावर गाठीच गाठी आहेत, नखानं निघत नाहीत. म्हणजे सूत्रकृमीच ना? आता त्या वाफ्याचं काय करू? कुणी म्हणालं काळा प्लास्टिक अंथर.

निपाणीचा_माळी:
हो, तेच. प्लास्टिक काळं नको, पारदर्शक पाहिजे, आणि आत्ता नको, एप्रिल-मेच्या उन्हात. माती ओली करून पातळ प्लास्टिक अंथरायचं, कडा मातीनं दाबायच्या, चार ते सहा आठवडे. थंडीत त्याचा काही उपयोग नाही. आत्ता तिथली सगळी मुळं वेचून काढा, निंबोळी पेंड घाला आणि पूर्ण वाफाभर झेंडू लावा, दाट. कडेनं चार रोपं लावून भागत नाही. मखमल (बुटका झेंडू) चालतो, तीन-एक महिने उभा ठेवा, झेंडूच्या मुळातनं जे सुटतं त्यानं सूत्रकृमी कमी होतात. तुमचा मटार आणि नवलकोल दुसरीकडं घ्या. त्या वाफ्यातलं खुरपं दुसऱ्या वाफ्यात घालायच्या आधी धुवा, चपला पण.

जांबोटीकर:
बरोबर. आणि आलं-हळदीच्या कोपऱ्यात तिथली माती जाऊ देऊ नका ताई, हळदीला पण सूत्रकृमी लागतात. टोमॅटोचा वाफा चढाला असेल तर पाणी तिकडनं इकडं वाहणार नाही असा बांध आधी घाला, मग बाकीचं आवरायला घ्या. नवलकोलची रोपं बाजारात मिळतात पण मुळं बघूनच घ्या, किंवा गोकाककडं जाणं होत असेल तर अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात विचारा.